ताठ मानेची किंमत

मागच्या शनिवारी सकाळी चहाचा कप घेऊन बेसमेंटमध्ये गेलो, स्टँडवरचा बेस उचलला आणि हात झटकन मागे घेतला. बर्फासारखा गार! बाहेर न्यू जर्सीतला जानेवारी, आणि या बेस गिटारची मान चक्क ॲल्युमिनियमची. पहिली दहा मिनिटं तिला तळहाताची ऊब द्यायची, मग तारा सुरात लावायच्या, आणि पाच मिनिटांनी परत लावायच्या. बायको म्हणते, "त्याला एक स्वेटर आण बाबा आधी."

तर मंडळी, आज या मानेविषयी.

मान म्हणजे गिटारचा नेक, सतारीला आपण दांडी म्हणतो तो भाग. बेसच्या चार तारा मिळून या मानेवर साधारण सत्तर-ऐंशी किलोंचा ताण देतात, आणि तोही चोवीस तास. लाकूड त्यापुढे हळूहळू वाकतं, हवेतल्या दमटपणाने आणखी वाकतं. यावरचा जुना उपाय म्हणजे ट्रस रॉड, मानेच्या पोटात घातलेली पोलादी सळई. तिच्या टोकाचा नट पिळला की बाक कमी-जास्त करता येतो. गिब्सन कंपनीतल्या थॅडियस मॅकह्यूला याचं पेटंट १९२३ मध्ये मिळालं. लिओ फेंडरने १९५१ मध्ये प्रिसिजन बेस काढला, त्याच्याही मेपलच्या मानेत ट्रस रॉड होताच. आपल्या भाषेत सांगायचं तर, लाकूड बदलणार हे गृहीत धरून ठेवलेली सेटिंग्ज फाइल.

आता कुणाला तरी वाटणारच ना, की मुळात न वाकणारी मानच का बनवू नये?

धातूचा प्रयोग तसा जुना. १९३२ मध्ये रिकनबॅकरची 'फ्राइंग पॅन' बाजारात आली. मांडीवर आडवी ठेवून वाजवायची ही हवाईयन गिटार अख्खी ओतीव ॲल्युमिनियमची होती, आणि स्टेजवरच्या दिव्यांनी तापली की बेसूर व्हायची. पुढे इटलीतल्या काव्रियागो गावी वॉन्द्रे पिओली यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून ॲल्युमिनियमच्या मानेच्या गिटार आणि बेस बनवले. पण या कल्पनेला खरा जोर आला तो १९७४ मध्ये, कॅलिफोर्नियात. ट्रॅव्हिस बीन, मार्क मॅकएल्वी आणि गॅरी क्रेमर या तिघांनी मिळून कंपनी काढली. मान, पिकअप आणि तारा अडकवायचा ब्रिज, सगळं एकाच ॲल्युमिनियमच्या तुकड्यावर. लाकडी अंग जवळजवळ शोभेपुरतं! ॲल्युमिनियम मेपलपेक्षा पाच-सहा पट ताठ, त्यामुळे तार छेडली की सूर लांबवर टिकतो. ग्रेटफुल डेडचा जेरी गार्सिया यांची गिटार वाजवायचा, रोलिंग स्टोन्सच्या बिल वायमनकडे यांचा बेस होता.

पण मान जड आणि गार. वर तापमानाची कटकट. हिशेब सोपा आहे: बेसच्या तारेची वाजणारी लांबी ८६४ मिलिमीटर. तापमान दहा अंशांनी वाढलं तर तेवढं ॲल्युमिनियम सुमारे ०.२ मिलिमीटर वाढतं, पोलादी तार त्याच्या निम्मीच. ०.१ मिलिमीटरचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण आधीच ताणलेल्या तारेचा सूर बिघडवायला पुरतो.

गॅरी क्रेमर तिथून बाहेर पडला आणि डेनिस बेरार्डीबरोबर त्याने नवी कंपनी काढली, नेपच्यून, न्यू जर्सी इथे. एडिसनमधल्या माझ्या घरापासून हे गाव गाडीने पाऊण तास! १९७६ मध्ये त्यांचं उत्पादन सुरू झालं. त्यांनी ॲल्युमिनियमची मान मागून पोकळ ठेवली आणि त्या खाचांत लाकडाच्या पट्ट्या बसवल्या. वजन घटलं, हाताला लाकूड लागलं, आणि ट्रॅव्हिस बीनच्या पेटंटलाही वळसा पडला. गंमत म्हणजे गॅरी स्वतः लवकरच बाहेर पडला, नाव मात्र त्याचंच राहिलं. किस बँडच्या जीन सिमन्सचा तो कुऱ्हाडीच्या आकाराचा बेस आठवतो? तो क्रेमरचाच, १९८० चा.

पुढचं थोडक्यात. ट्रॅव्हिस बीनचा कारखाना १९७९ मध्ये बंद पडला, तोवर साडेतीन हजारांच्या थोडी वर वाद्यं बनली होती. क्रेमरने १९८१ च्या सुमारास लाकडी माना आणल्या, कारण त्या स्वस्त पडत आणि गिऱ्हाइकाला त्याच हव्या होत्या. दशकाच्या मध्यापर्यंत ॲल्युमिनियम संपलंच.

आता खरा मुद्दा. या दोन्ही कंपन्यांनी मानेत ट्रस रॉड घातलाच नाही. धातू वाकत नाही, मग सळई कशाला? सरळ हार्डकोड केलं!

माझा बेस क्रेमरचा, डीएमझेड ४०००. विकणाऱ्याने छातीठोकपणे सांगितलं, "मेटल नेक आहे, वाकायचा प्रश्नच नाही." मी नऊशे डॉलर मोजले. घरी येऊन मानेवर पोलादी पट्टी ठेवली तर मध्ये स्पष्ट फट. मान वाकलेली. फार नाही, पण मधल्या पडद्यांवर तारा उंच राहायच्या, आणि खाली घेतल्या की अंगाजवळच्या पडद्यांवर भणभण. लाकडी बेस असता तर नट पाव फेरा फिरवला असता, काम खलास. इथे फिरवायला काही नाहीच.

दुरुस्ती करणाऱ्याने एकच मार्ग सांगितला: सगळे पडदे उपटायचे, खालची इबोनॉलची पट्टी घासून सपाट करायची आणि नवे पडदे बसवायचे. तेवढ्यात एका संग्राहकाचा निरोप आला. मी दिलेल्यापेक्षा जास्त पैसे द्यायला तयार, पण पडद्यांसकट सगळं मूळचं असलं तरच. त्याला तो वाजवायचा नव्हताच, भिंतीवर लावायचा होता.

दोन आठवडे विचार केला, खोटं कशाला बोलू. शेवटी असं वाटलं, की हा बेस बनवणाऱ्यांचा सगळा खटाटोप कशासाठी होता? वाजवणाऱ्याला मानेची काळजी राहू नये म्हणून. त्यांचा अंदाज थोडा चुकला. ती चूक जशीच्या तशी जपून भिंतीवर टांगायची, की दुरुस्त करून त्यांच्या मनातला बेस वाजवायचा?

पडदे बदलून घेतले. विक्रीची किंमत पडली, संग्राहकाने पुन्हा फोन केला नाही. असो.

मागच्या शनिवारी त्या थंडीत दोन तास वाजवत बसलो. भणभण पार गेली आहे. चहा मात्र गार झाला, आणि बोटंही.