फुफ्फुसाचा कर्करोग: रेडिएशनची हद्द ठरवताना पेट स्कॅन का लागतो?

फुफ्फुसाच्या कर्करोगावर रेडिएशन देण्यापूर्वी डॉक्टरांना एक गोष्ट ठरवावी लागते: गाठ नेमकी कुठे संपते? हद्द लहान आखली तर रोग मागे राहतो. मोठी आखली तर निरोगी फुफ्फुस, अन्ननलिका आणि हृदयालाही किरणांचा त्रास होतो. ही हद्द आखताना सीटी स्कॅनच्या जोडीला पेट स्कॅन वापरतात.

पेट स्कॅनमध्ये काय दिसते?
रुग्णाला काही तास उपाशी ठेवून शिरेतून एफडीजी हे ग्लुकोजसारखे, सौम्य किरणोत्सारी द्रव्य देतात. कर्करोगाच्या पेशी साखर जास्त ओढून घेतात. त्यामुळे साधारण तासाभराने काढलेल्या चित्रात त्या जागा उजळ दिसतात.

फक्त सीटी का पुरत नाही?
गाठीमुळे श्वासनलिका बंद झाली, की पुढचा फुफ्फुसाचा भाग हवेअभावी आक्रसतो. सीटीवर गाठ आणि हा भाग वेगळे ओळखणे कठीण जाते. पेटमध्ये गाठ ठळक उजळते, आक्रसलेला भाग सहसा तितका उजळत नाही. छातीच्या मध्यभागातील आकाराने लहान, पण रोग पोहोचलेल्या लसिका ग्रंथीही पेटमुळे लक्षात येऊ शकतात.

पुरावा काय सांगतो?
जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमधील 'पेट-प्लॅन' चाचणीत २०५ रुग्ण होते. तिचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. केवळ पेटमध्ये उजळलेल्या भागावर आधारित हद्द आखल्याने छातीतील रोग पुन्हा वाढण्याचा धोका वाढला नाही. म्हणजे हद्द आटोपशीर ठेवणे शक्य आहे.

मर्यादा कोणत्या?
उजळ दिसणारे सगळेच कर्करोग नसते. क्षयरोग किंवा न्यूमोनियामुळेही तो भाग उजळतो. भारतात क्षयरोगाचे प्रमाण मोठे असल्याने संशयास्पद ग्रंथीचा तुकडा तपासणे अनेकदा गरजेचे ठरते. उलट, अगदी छोटी गाठ पेटमधून निसटू शकते. स्कॅनला काही मिनिटे लागतात, तेवढ्यात श्वासाबरोबर गाठ हलते आणि तिची कड पुसट होते. म्हणून गाठीची हालचाल टिपणारा फोर-डी सीटीही करतात.

यंत्र उजळ भाग दाखवते. त्याची कड कुठे धरायची, हे सर्व चित्रे आणि तपासण्या एकत्र पाहून डॉक्टरच ठरवतात. त्या कडेभोवती, न दिसणाऱ्या पेशी आणि हालचालीसाठी थोडी जागा वाढवली, की रेडिएशनचा नकाशा तयार होतो.