सोयरीक कुठे ठरते?

भंडाऱ्यातील एका शिक्षक-मित्राच्या मुलीच्या लग्नाला गेलो होतो. मित्र कॅथलिक, मी बौद्ध. आम्हा दोघांचेही आजे गावकुसाबाहेरचे. त्याच्या आज्याने बाप्तिस्मा घेतला. माझ्या वडिलांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा घेतली. वाटा दोन, जुने घर सोडण्याचे कारण एकच.

कॅथलिक लग्न मी प्रथमच जवळून पाहिले. आधीचे तीन रविवार देवळात वधूवरांची नावे वाचली गेली होती. कुणाची रास्त हरकत असल्यास कळवावी म्हणून. लग्नाच्या दिवशी मिस्सा मराठीतून झाली. फादरनी दोघांना विचारले, तुम्ही स्वखुशीने आला आहात ना? दोघांनी उजवा हात हातात घेऊन सुखदुःखात आणि आजारपणात साथ देण्याचे वचन दिले. अंगठ्यांना आशीर्वाद मिळाला, त्या बोटांत गेल्या. शेवटी वधूवरांनी व दोन साक्षीदारांनी वहीत सह्या केल्या.

मी म्हटले, "फादरनी लग्न छान लावले." मित्र हसला. "फादर लग्न लावत नाहीत, गुरुजी. ती दोघेच एकमेकांशी लग्न लावतात. फादर चर्चच्या वतीने साक्षीला."

हे त्याचे पदरचे बोल नव्हेत. रोमन कॅथलिक शिकवणीनुसार या संस्काराचे कर्ते स्वतः वधूवरच. मध्ययुगीन युरोपात दोघांनी एकांतात शब्द दिला तरी लग्न ग्राह्य धरले जाई. पुढे पुरुष नाकबूल झाला की बाई उघड्यावर पडे. म्हणून १५६३ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने धर्मगुरूची व दोन-तीन साक्षीदारांची हजेरी बंधनकारक केली. जाहीर सूचना आणि नोंदवही यांचाही नियम घातला. ज्या समाजात भटाच्या मंत्रावाचून लग्न होत नाही असे शतकानुशतके सांगितले गेले, त्यातल्या माणसाने हे समजून घेण्यासारखे आहे. महात्मा फुल्यांना भटाला वगळून पहिला सत्यशोधक विवाह लावायला १८७३ साल उजाडावे लागले.

पण याच चर्चच्या हाती राजसत्ता आली तेव्हा काय घडले? १७३६ साली गोव्यातील इन्क्विझिशनने फर्मान काढून ख्रिस्ती लग्नांतील हळद, मांडव, पानसुपारी यांवर बंदी घातली. अ. का. प्रियोळकरांनी इन्क्विझिशनवरील आपल्या ग्रंथातून १९६१ साली हा इतिहास वाचकांपुढे मांडला. लोक मात्र चिवट. नारळाच्या रसाने न्हाऊ घालण्याचा 'रोस' आणि वधूचा 'चुडो' गोव्यात टिकून राहिले. पुढे १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने प्रांतोप्रांतीच्या चांगल्या विवाहरीती जपण्यास संमती दिली. मित्राच्या अंगणात हळद झाली ती उघड मांडवाखाली.

मात्र त्याच गोव्यात कॅथलिकांमध्ये बामण, चारडो, सुदिर ही उतरंड शाबूत राहिली आणि सोयरिकी आपापल्या थरातच होत राहिल्या. इन्क्विझिशनला हळद खुपली, जात खुपली नाही. चर्चमध्ये जातिभेद आणि अस्पृश्यता आहे, हे भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ साली दलित सबलीकरणाचे धोरण जाहीर करताना मान्य केले.

संध्याकाळी स्वागतसमारंभ होता. वधूवरांनी केक कापून एकमेकांना भरवला. एका वडीलधाऱ्याने पेला उंचावून चार शब्द सांगितले. जेवणाला सगळे एकाच रांगेत. माझ्या मागे दोन बाया बोलत होत्या. एकीने विचारले, "पोरगा आपल्यातलाच आहे ना?" दुसरी म्हणाली, "नाही तर काय!" दोघींच्याही गळ्यात क्रूस होता.

मला हसू आले आणि लगेच ओसरले. गेल्या वर्षी माझ्या पुतणीला स्थळ आले होते. मुलगा शिकलेला, नोकरीचा, बौद्ध. घरातल्या जाणत्यांनी पहिला प्रश्न केला, "लाडवण की बावणे?" भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. बावीस प्रतिज्ञा पाठ असलेली माणसे. उत्तर जुळले नाही, स्थळ परतले. मी तिथेच बसलो होतो. गप्प बसलो.

बाबासाहेबांनी १९३६ सालीच 'जातिनिर्मूलना'त सांगितले होते की, जातीवर खरा उपाय आंतरजातीय विवाह. सहभोजन पुरेसे नाही. आपण विधी बदलला. पांढरी वस्त्रे आली, त्रिशरण-पंचशील आले, भटजी गेला. हे बदल लहान नव्हेत. पण देवळातला विधी असो की विहारातला, तो सुरू होण्याच्या कितीतरी आधी ओसरीवर सोयरीक ठरलेली असते. तिथे ना फादर असतो, ना भन्ते. तिथे आपण असतो.

त्या दिवशी मी बोलायला हवे होते. पुतणीला तर कुणी विचारलेही नव्हते.