भिंग आणि अंतर

१९१३ साली लंडनच्या स्कॉटलंड यार्डने एक रिफ्लेक्स कॅमेरा आणि रॉस कंपनीचे ११ इंच नाभीय अंतराचे टेलिसेंट्रिक भिंग विकत घेतले. हॉलोवे तुरुंगातील मताधिकारवादी स्त्रियांची छायाचित्रे त्यांच्या नकळत टिपणे, हा त्यामागचा हेतू. समोर कॅमेरा आला की या स्त्रिया चेहरा वेडावाकडा करीत, मान फिरवीत. तेव्हा आवारात फेऱ्या मारताना त्यांना लांबूनच गाठायचे ठरले. पुढे संशयितांची अशी छायाचित्रे संग्रहालये आणि कलादालनांकडे सावधगिरीसाठी धाडली गेली. टेलिफोटो भिंगांवरील लेखनात हे प्रकरण बहुधा तळटिपेत ढकललेले असते. वस्तुतः छायाचित्रकाराने किती अंतरावर उभे राहावे, आणि ते कोणी ठरवावे, हा या भिंगाचा मूळ प्रश्न तिथेच उघडा पडला.

तंत्र त्याहून वीसेक वर्षांनी जुने. १८९१ मध्ये इंग्लंडात डॅलमायर आणि जर्मनीत मीठे व श्टाइनहाइल यांनी स्वतंत्रपणे ही रचना सिद्ध केली. पुढे प्रकाश एकवटणारा भिंगांचा गट, मागे तो पसरविणारा. परिणामी नाभीय अंतर वाढते, नळी मात्र आटोपशीर राहते. यांपैकी झूम न होणाऱ्या, एकाच नाभीय अंतराच्या भिंगांना आज आपण प्राइम म्हणतो. ८५, १०५, १८०, ३००, ६०० मिलीमीटर हे आकडे दुकानदाराच्या यादीत एका रांगेत दिसत असले, तरी त्यांची कुळे निराळी आहेत.

व्यक्तिचित्राचे कूळ ८५ ते १०५चे. चेहरा भिंगामुळे बदलतो असा सार्वत्रिक समज आहे. खरे पाहता तो अंतरामुळे बदलतो. हातभर अंतरावरून नाक फुगते, फार लांबून चेहरा सपाट होतो. दीड-दोन मीटरवरून तो स्वाभाविक दिसतो, आणि तेवढ्या अंतरावरून खांद्यापर्यंतची चौकट भरायला ही भिंगे पुरतात. सभ्य संभाषणाचे अंतरही साधारण तेवढेच, हा योगायोग आम्हांला अर्थपूर्ण वाटतो. १९८४ मध्ये पेशावरजवळच्या निर्वासित छावणीत स्टीव्ह मॅकरी यांनी टिपलेली अफगाण मुलगी निकॉनच्या १०५ मिमी एफ/२.५ भिंगातून आली. मात्र जवळीक म्हणजे ओळख नव्हे: शरबत गुला हे तिचे नाव जगाला कळायला २००२ साल उजाडावे लागले.

क्रीडांगणावर अंतर नियम ठरवितात. सीमारेषेच्या आत छायाचित्रकाराला मज्जाव. १९३६च्या बर्लिन ऑलिम्पिकशी ज्याचे नाव कायमचे जोडले गेले ते त्साइसचे १८० मिमी एफ/२.८ ऑलिंपिया-सोनार ही या कुळातील पहिली मोठी पायरी. १९७२च्या साप्पोरो हिवाळी ऑलिम्पिकच्या सुमारास निकॉनने तोच एफ/२.८ ३०० मिमीमध्ये आणला. हा मोठा पल्ला होता. ३०० भागिले २.८ म्हणजे प्रकाशमार्गाचा व्यास सुमारे १०७ मिमी; इतक्या रुंद काचेत रंगांच्या कडा फाटू न देण्यासाठी विशेष काच घडवावी लागली. बदल्यात धावपटूचा क्षण गोठतो आणि मागची गर्दी विरघळून जाते. गर्दी अशी पुसण्याने क्रीडाचित्रण सुंदर झाले, आणि थोडे एकसुरीही.

वन्यजीवांच्या बाबतीत अंतर प्राण्याची भीती ठरविते. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी शिवालिकच्या जंगलात वाघाच्या वाटेवर तार बांधून रात्री त्याच्याकडूनच छायाचित्र काढवून घेतले. त्यांचे पुस्तक १९२७चे. आजचा मार्ग ५००-६०० मिमीचा. ६०० मिमी एफ/४ला किमान १५० मिमी व्यासाची काच लागते, किंमत विचारू नये! हॉलोवेत जे भिंग हेरगिरीचे साधन होते तेच इथे सौजन्य ठरते. आखूड भिंगवालाच चालकाला 'अजून थोडं पुढे घ्या' म्हणत राहतो. २०१५ मध्ये निकॉनने फ्रेनेल पद्धतीचा घटक वापरून ३०० मिमी एफ/४ अवघ्या ७५५ ग्रॅममध्ये बसविले. ताडोब्यात वाहनातून उतरता येत नाही, तिथे हे हलकेपण मोलाचे. पण एफ/४ म्हणजे एफ/२.८च्या निम्मा प्रकाश, आणि वाघ बाहेर पडतो तो बहुधा झुंजूमुंजू किंवा कातरवेळी.