भारतीय वैद्यकीय पथक आणि चिनी भाषा (१९३८–१९४२)

इ. स. १९३८ मध्ये राष्ट्रसभेने चीनला पाठविलेल्या वैद्यकीय पथकाचा वृत्तान्त मराठी वाचकांना सामान्यतः एका हुतात्म्याच्या चरित्राच्या रूपाने परिचित आहे. ख्वाजा अहमद अब्बास यांचे १९४४ मधील इंग्रजी पुस्तक आणि शांताराम यांचा १९४६ मधील ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा चित्रपट यांनी ही चौकट घालून दिली. त्या त्यागाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु परक्या मुलखातील खेड्यांत गेलेली वैद्यकीय मदत तेथे कशामुळे रुजते, हा प्रश्न त्या चौकटीत उपस्थितच होत नाही. त्याचे उत्तर शोधताना भाषेकडे वळावे लागते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

जपानने १९३७ च्या जुलैत चीनवर आक्रमण केल्यानंतर सेनापती चू तेह यांनी जवाहरलाल नेहरूंकडे वैद्यकीय साहाय्याची मागणी केली. पुढे राष्ट्राध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी निधी उभारण्याचे आवाहन केले. अलाहाबादचे डॉ. अटल हे पथकाचे प्रमुख होते, नागपूरचे डॉ. चोळकर, सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस, आणि कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी हे इतर सभासद होत. १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबईहून निघालेले हे पथक कँटन, हँको व चुंगकिंग या मार्गाने १९३९ च्या फेब्रुवारीत येनानला पोहोचले. चोळकर आणि मुखर्जी १९३९ मध्ये व अटल १९४० मध्ये परतले. बसू १९४३ पर्यंत राहिले. कोटणीस परतले नाहीत.

चुंगकिंग येथे विश्वभारतीच्या चीनभवनाचे प्रमुख तान युन-शान यांनी पाचही जणांना चिनी नावे दिली. या नामकरणाचे भाषिक अंग लक्षणीय आहे. चिनी लिपीत एक चिन्ह म्हणजे एक पूर्ण शब्दावयव आणि अर्थाचाही एक घटक. शिवाय उत्तरेच्या प्रमाण बोलीत शब्दावयवाच्या अखेरीस न् किंवा ङ् यांखेरीज सहसा व्यंजन येत नाही. त्यामुळे ‘कोटणीस’ या नावातील अंत्य ‘स्’ला तेथे स्वतंत्र स्वर घेतल्यावाचून जागा मिळत नाही. नव्या नावात आरंभीचे दोन ध्वनी तेवढे राखले गेले आणि चीनवाचक ‘ह्वा’ हे चिन्ह शेवटी जोडले गेले. ‘ख तीह्वा’ असा त्याचा स्थूल उच्चार होतो. पाचही नावांच्या अखेरीस हेच चिन्ह होते. म्हणजे आडनावांतील प्रांतभेद मागे पडून पथकाला एक सामाईक ओळख मिळाली.

नाव मिळाले, तरी भाषा येत नाही. कॅनडाचे शल्यविशारद नॉर्मन बेथ्यून यांनी हेबेईच्या डोंगराळ प्रदेशातील आपले कार्य दुभाषाच्या साहाय्याने चालविले. १२ नोव्हेंबर १९३९ रोजी रक्तदोषाने त्यांचे निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ नाव दिलेल्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालकपद कोटणिसांकडे १९४१ च्या जानेवारीत आले. तोवर त्यांनी चिनी भाषा आत्मसात केली होती. रुग्णाशी बोलणे, तसेच जोडलेल्या वैद्यकविद्यालयात शिकविणे हे ते त्याच भाषेत करीत. विद्यार्थ्यांसाठी त्यांनी शस्त्रक्रियाशास्त्राच्या सामान्य तत्त्वांवर एक पाठ्यपुस्तक पूर्ण केले आणि दुसरे, विशेष शस्त्रक्रियांवरील, लिहावयास घेतले.

येथे एक आक्षेप संभवतो. बेथ्यून यांनीही दुभाषाच्या आधारे पुष्कळ शिकविले. मग भाषेला इतके महत्त्व का द्यावे? शस्त्रक्रिया डोळ्यांनी पाहून शिकता येते, हे खरेच. पण दुखणे कोठे, कधीपासून व कशा प्रकारचे, हे रोगी आपल्या बोलीतच सांगतो. आणि गुरू निघून गेल्यावर किंवा निवर्तल्यावर विद्यार्थ्याच्या हाती जे उरते, तेही शब्दांतच असावे लागते. वर्षभराच्या मुदतीने निघालेल्या पथकातील एकाचे काम साहाय्यापुढे जाऊन शिक्षणापर्यंत पोहोचले, त्यात या भाषासंपादनाचा वाटा मोठा होता.

१९४१ मध्ये कोटणिसांनी विद्यालयातील परिचर्या-शिक्षिका क्वो छिङ्लान यांच्याशी विवाह केला. १९४२ च्या ऑगस्टमध्ये जन्मलेल्या पुत्राचे नाव ‘यिन्‌ह्वा’ ठेवण्यात आले; ‘यिन्’ म्हणजे भारत व ‘ह्वा’ म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराने कोटणिसांचे बत्तिसाव्या वर्षी देहावसान झाले आणि दुसरे पुस्तक अपुरे राहिले.

१९६२ च्या युद्धानंतरही दोन्ही देशांनी हे नाव मैत्रीचे प्रतीक म्हणून वापरले आहे. प्रतीकाचा एक तोटा असा की, त्यात मनुष्याचा मृत्यू दिसतो, पण त्याचा रोजचा व्यवसाय दिसत नाही. सोलापूरच्या या वैद्याने प्रौढ वयात एक अपरिचित भाषा शिकून तीत शास्त्र शिकविले, ही घटना आपल्या भाषाभ्यासाच्या इतिहासातही नोंदली जावयास हवी. शास्त्र देशी भाषांतून शिकविता येईल काय, या प्रश्नावर आपल्याकडे दीर्घकाळ वाद चालला. युद्धभूमीवरील त्या खेड्यात एका मराठी माणसाने शिकणाऱ्याची भाषा स्वीकारून त्याला कृतीने उत्तर दिले होते.