वाफेबरोबर जाणारी साखर : तारजाळीच्या तुषाररोधकाचा पूर्वेतिहास

कोल्हापूरच्या ऊसधंद्याचा इतिहास बहुधा बाजारपेठ आणि पाटबंधारे ह्यांच्या अंगाने लिहिला जातो. १८९५ साली शाहू छत्रपतींनी वसविलेली शाहूपुरीची पेठ, भोगावतीवरील राधानगरीचे धरण आणि स्वातंत्र्योत्तर काळातील सहकारी कारखाने ही त्यातील परिचित स्थळे होत. रस आटविण्याच्या क्रियेत जो पालट झाला त्याची चिकित्सा मात्र क्वचितच आढळते. वस्तुतः काहिलीकडून बंद भांड्याकडे जाताना एक नवाच प्रश्न उभा राहिला. तो म्हणजे वाफेबरोबर निसटणाऱ्या थेंबांचा.

गुऱ्हाळात हा प्रश्न नव्हता. काहिल उघडी व उथळ असते. चुलवणात चिपाडे पेटत असतात. गुळव्या भेंडीचा चिकट रस घालून मळी काढतो आणि फेस चढू लागला की तेलाचे चार थेंब सोडतो. वाफ काहिलीच्या सबंध तोंडावाटे सावकाश निघून जाते व उसळलेले थेंब बहुतांशी काहिलीतच परत पडतात. गुऱ्हाळात साखर करपते, मळीबरोबर जाते. वाफेवाटे मात्र ती फारशी जात नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात इंग्लंडमध्ये एडवर्ड चार्ल्स हॉवर्ड ह्याने निर्वात कढई प्रचारात आणली. पुढे न्यू ऑर्लिन्सचा नॉर्बर्ट रिलिए ह्याने एका भांड्याच्या वाफेवर दुसरे भांडे तापविण्याची योजना सिद्ध करून १८४३ व १८४६ साली तिची एकस्वे मिळविली. इंधनाची बचत मोठी झाली. परंतु जसजसा दाब उतरतो तसतशी वाफ फुगते, आणि अडचण येथेच आहे. १०० अंश सेल्सिअसला एक किलोग्रॅम वाफ सुमारे १.६७ घनमीटर जागा व्यापते. अखेरच्या भांड्यात, ५५ अंशांच्या सुमारास, तीच वाफ साडेनऊ घनमीटरांहून अधिक होते. तेवढीच वाफ तेवढ्याच रुंदीच्या भांड्यातून न्यावयाची तर तिचा वेग जवळजवळ सहापट होणार, आणि असा झोत पाकाचे थेंब उचलून संघनकात नेणारच.

१९३२ च्या संरक्षण कायद्यानंतर हिंदुस्थानात साखर कारखाने झपाट्याने निघाले. त्याच दशकात कसबा बावड्याला कोल्हापूर शुगर मिल्सचा कारखाना उभा राहिला. अशा कारखान्यांत निसटलेल्या साखरेचे नुकसान दुहेरी असते. अखेरच्या भांड्यातील साखर संघनकाच्या पाण्यात मिसळते आणि ते पाणी बाहेर सोडल्यास नदीनाल्यात जाते. आधीच्या भांड्यांतील साखर पुढच्या भांड्याच्या साचलेल्या पाण्यात उतरते व ते पाणी बॉयलरला दिले गेल्यास उष्णतेने तिचे विघटन होऊन आम्ले बनतात, फेस येतो व नळ्या झिजतात. म्हणूनच रसायनज्ञ आल्फा-नॅफ्थॉलने ह्या पाण्यांची वारंवार परीक्षा करीत असतो. साखर असल्यास जांभळे कडे दिसते. तथापि हिशेबात ही तूट इतर गळतींबरोबर ‘अज्ञात घट’ ह्या सदरात पडते. इतिहासकाराला ती निराळी काढून दाखविणे म्हणूनच दुष्कर होते.

प्रारंभीचे उपाय साधे होते : भांडे उंच करावयाचे, वाफेच्या वाटेत छत्रीसारखा पत्रा बसवावयाचा, तिला वळणे द्यावयाची. जड थेंब वळणावर आपटून खाली येतात. बारीक तुषार मात्र वाफेबरोबरच वळतात. १९३४ साली सौडर्स व ब्राऊन ह्यांनी वाफेच्या मर्यादित वेगाचे सूत्र मांडले. द्रव व वाफ ह्यांच्या घनतांतील फरकाला वाफेच्या घनतेने भागून येणाऱ्या संख्येचे वर्गमूळ घ्यावयाचे व त्यास एका गुणांकाने गुणावयाचे, हे त्याचे स्वरूप होय. ऊर्ध्वपातन स्तंभांसाठी मांडलेले हे सूत्र पुढे तारजाळीलाही लागू पडले.

विणलेल्या तारजाळीचा प्रसार दुसऱ्या महायुद्धानंतर झाला. ऑटो यॉर्क ह्याने १९४७ साली अमेरिकेत काढलेल्या कंपनीचे नाव ह्या संदर्भात मुख्यत्वे घ्यावे लागते. सुमारे पाव मिलिमीटर जाडीची तार मोज्यासारखी विणून तिचे थर रचतात. सामान्यतः १०० ते १५० मिलिमीटरांची ही गादी ९७ टक्क्यांहून अधिक पोकळच असते. वाफ तारांना वळसा घालते, थेंब मात्र जडत्वामुळे तारेवर आदळतो, चिकटतो, इतरांशी मिळून मोठा होतो व गळून पडतो. वेग फार मंद असेल तर थेंब तारा चुकवून जातो. फार जास्त झाला तर जाळी तुंबते व धरलेले पाणी पुन्हा उडते. नेहमीच्या जाळीसाठी गुणांक सेकंदाला सुमारे ०.१०७ मीटर धरतात. त्यानुसार १०० अंशांच्या भांड्यात वेगाची मर्यादा सुमारे साडेचार मीटर येते, तर ५५ अंशांच्या भांड्यात सुमारे बारा मीटर. म्हणजे वाफेचे आकारमान जवळजवळ सहापट होते, पण मर्यादा तिपटीपर्यंतही जात नाही. शिवाय निर्वातात गुणांक आणखी कमी धरावा लागतो. अखेरच्या भांड्याला रुंदी अधिक का लागते, ह्याचे उत्तर ह्या दोन आकड्यांत आहे.

साखरधंद्यात तथापि जाळीला निर्विवाद विजय मिळाला नाही. पाकाचे तुषार तारांवर वाळतात, क्षारांचे थर बसतात आणि गरम पाण्याचे फवारे सोडून ती धुवावी लागते. रासायनिक कारखान्यांतील स्वच्छ द्रवांना जी सहज मानवली ती येथे सतत निगराणी मागते. ह्यामुळे नागमोडी पत्र्यांचे जुन्या वळणाचे रोधक आजही अनेक कारखान्यांत टिकून आहेत. ते अतिसूक्ष्म थेंब सोडून देतात, पण हंगामाच्या मध्यावर तुंबत नाहीत.