पत्ते कोणी वाटायचे?

पत्त्यांच्या डावात पहिली सत्ता वाटणाऱ्याची. अड्ड्यावर ती अड्डेवाल्याच्या हातात जाऊ शकते. आपल्या घरगुती खेळांनी मात्र ती कुणा एकाकडे राहू दिली नाही. घरचे पत्ते आणि जुगार यांतला फरक मला पैशाइतकाच इथे दिसतो. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांचे १२० गोल पत्ते कापडावर पालथे पसरून सर्वांदेखत कालवतात आणि तिघांत चाळीस-चाळीस वाटतात. चौकोनी पत्त्यांत पिसणे एकाच्या मुठीत असते, पण तिथे शेजाऱ्याने काटायचे ही अट असते. पण खरे शहाणपण तीन-दोन-पाचमध्ये आहे. तीस पत्त्यांच्या या डावात पहिले पाच-पाच पत्ते पडले की हुकूम ठरतो, तोही वाटणारा ठरवत नाही. हुकूम बोलणाऱ्यावर पाच हातांचे ओझे, वाटणाऱ्यावर दोनच. म्हणजे वाटणाऱ्याकडून निवड काढून घेतली आणि त्या बदल्यात त्याचे ओझे हलके केले. मेंढीकोटात तर पिसणे हरलेल्या जोडीच्या गळ्यात पडते. तिथे तो मान नव्हे, भुर्दंड आहे.

यावर कुणी म्हणेल, पाळी कितीही फिरवा, पत्ते पडतात ते नशिबानेच. हा आक्षेप कोर्टापर्यंत गेलेला आहे. निजामाच्या हैदराबाद राज्याचा जुगारबंदी कायदा फसली १३०५ चा होता. त्याच कायद्याखालच्या सिकंदराबादच्या एका क्लबमधल्या रमीच्या खटल्यात १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले की पिसून वाटलेल्या प्रत्येक डावात दैव असतेच. पण तेवढ्याने रमी हा नशिबाचा खेळ ठरत नाही, कारण पडलेली पाने ध्यानात ठेवणे, काय धरायचे नि काय टाकायचे हे ठरवणे, यात कौशल्य लागते. तीन पत्तीला न्यायालयाने ही सवलत दिली नाही. मला हा भेद पटतो. तीन पत्तीतही वाटण्याची पाळी फिरते, काटणेही होते. पण एकदा तीन पाने हाती आली की ती बदलता येत नाहीत. उरते ती बोली आणि समोरच्याला हूल देणे. त्यातही हुशारी आहे, हे नाकारत नाही. पण ती पैसा लावल्यावाचून चालत नाही. मेंढीकोट मात्र एक छदामही न लावता तितक्याच ईर्ष्येने रंगतो.