काळा पाषाण, तृणमणी आणि झुरळांचे वर्गीकरण

सातारा व सांगली या जिल्ह्यांचा बहुतेक भूभाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे दक्षिण ट्रॅपचा आहे. या लाव्हाथरांच्या एका उपगटास भूशास्त्रज्ञांनी वाईचेच नाव दिले आहे. कीटकाचा नाजूक देह टिकण्यास संथ पाण्यातील गाळ किंवा झाडाची राळ लागते. महाबळेश्वरच्या कड्यांत मात्र लाव्हाच्या दोन थरांमध्ये बहुधा तांबड्या मातीचा पट्टाच दिसतो आणि माथ्यावर जांभा. म्हणून झुरळांच्या प्राचीन इतिहासाचा शोध या भागातील अभ्यासकास बाहेरच घ्यावा लागतो. तो घेताना एक गोष्ट स्पष्ट होते : अवशेष ज्या रीतीने टिकला, त्या रीतीनेच वर्गीकरणाची कसोटी ठरविली आहे.

महाराष्ट्रातील पहिला पुरावा नागपूरचा होय. तेथे लाव्हाच्या दोन प्रवाहांच्या मधल्या काळात तळी साचली व त्यांचा गाळ पुढे कठीण झाला. मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी अशा थरांतून जमविलेल्या कीटकावशेषांचे वर्णन अँड्र्यू मरी यांनी १८६० साली प्रसिद्ध केले. ते अवशेष भुंगेऱ्यांचे होते. कारण भुंगेऱ्याचे कठीण पंखकवच दगडात सहज टिकते.

झुरळांच्या बाबतीतही दगडाने पंखच अधिक राखले. त्यामुळे अमेरिकेत सॅम्युएल स्कडर यांनी १८७९ साली आणि ऑस्ट्रियात आंटोन हांडलिर्श यांनी १९०६ ते १९०८ या काळात केलेली मांडणी मुख्यतः पंखांवरील शिराविन्यासावर उभी राहिली. तीस कोटी वर्षांपूर्वीच्या कोळशाच्या थरांतील पंख आजच्या झुरळांसारखे दिसत, म्हणून झुरळ तेव्हापासून बदललेच नाही, असा समज रूढ झाला. पुढे त्या प्राचीन कीटकांच्या माद्यांना लांब, बाहेर आलेला अंडनिक्षेपक होता असे आढळले. आजच्या झुरळाची मादी अंडी कुपीत घालते व तिचा अंडनिक्षेपक आखूड असून बाहेर दिसत नाही. तेव्हा ते प्राचीन कीटक झुरळे नसून झुरळे, वाळवी व प्रार्थनाकीटक यांचे सामाईक पूर्वज वा त्यांचे आप्त होत, हे मत मान्य होत गेले.

तृणमणीत पाय, शृंगिका व मुखांगेही राहतात. तथापि तेवढ्याने वाद मिटत नाही. ब्रह्मदेशातील हुकॉन्ग खोऱ्याच्या तृणमण्याचे वय सु. ९.९ कोटी वर्षे आहे. त्यातील एका कीटकासाठी २०१६ साली ‘एलिएनोप्टेरा’ हा स्वतंत्र गण स्थापण्यात आला; पुढे काही अभ्यासकांनी त्यास झुरळांच्याच गणात कुलाचे स्थान दिले. देह पूर्ण सापडला, तरी कोणत्या लक्षणास किती महत्त्व द्यावे हा प्रश्न उरतोच.

भारतातील महत्त्वाचा तृणमणी सुरत जिल्ह्यातील वस्तानच्या लिग्नाइट खाणीत सापडतो. तो पाच कोटी वर्षांहून थोडा अधिक जुना आहे. ज्या लाव्हाने सातारा-सांगलीची भूमी घडविली, त्याच लाव्हाच्या उत्तरेकडील विस्तारावर पुढे साचलेल्या थरांत तो आहे. राळ देणारे वृक्ष सालाच्या कुलातील होते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यातून संधिपादांची ५५ हून अधिक कुले नोंदली गेली. २०११ साली त्यातील वाळवींचे वर्णन झाले आणि त्यांत टर्मिटिडी कुलाचा तोवरचा सर्वांत जुना नमुना निघाला.

वाळवीचा उल्लेख येथे अप्रस्तुत नाही. २००७ साली जनुकीय पुराव्यावरून वाळवी ही झुरळांच्या गणातीलच शाखा ठरविण्यात आली व तिचा स्वतंत्र गण संपला. अर्थात वस्तानची वाळवी आता झुरळांच्याच इतिहासाचा भाग आहे. संग्रहालयातील जुन्या चिठ्ठीवरील गणाचे नाव म्हणूनच अंतिम मानता येत नाही. नमुन्याचा कोणता अवयव पाहून ते नाव दिले, याची नोंद चिठ्ठीवर असेल, तरच पुढील अभ्यासकास त्या निर्णयाची फेरतपासणी करता येते.